सांध्याचा धनी कोण?



इतिहास म्हटले की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यापुढे कोणी गेलाच तर तो शोधांचा इतिहास सांगतो : अमक्याने तारायंत्र शोधले, तमक्याने दूरध्वनी. परंतु शोध लागल्यानंतर ते यंत्र वारंवार बंद पडते, कोणीतरी ते खटपट करून पुन्हा चालू करतो, आणि या खटपटीतून पुढचे शास्त्र जन्माला येते. इतिहासाचा हा भाग बहुधा सांगायचा राहून जातो. आज मला बिघाडाच्या इतिहासाविषयी बोलायचे आहे.

ज्या बिघाडापासून मी सुरुवात करणार आहे तो अगदी घरगुती आहे. नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत आणि दुकानांत इंटरनेट येते ते मोबाइलच्या टॉवरवरून. सिमकार्ड घातलेला एक मोडेम असतो. तो टॉवरशी बोलतो. त्याला जोडलेला एक राउटर असतो. तो घरातल्या फोनना, संगणकांना, दुकानातल्या बिलाच्या यंत्राला ते इंटरनेट वाटून देतो. दोन्ही पेट्यांवरचे दिवे लागलेले असतात, आणि तरीही मधूनच संपर्क तुटतो. कधी पाच मिनिटांनी आपोआप येतो, कधी येत नाही. मग घरातले कोणीतरी उठते, दोन्हींच्या वायरी काढून पुन्हा लावते, आणि काम सुरू होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तक्रार करावी तर कोणाकडे? सिमकार्ड देणारी कंपनी म्हणते, आमचा टॉवर चालू आहे. मोडेम विकणारा म्हणतो, मोडेम टॉवरला लागलेला आहे, हिरवा दिवा पाहा. राउटर विकणारा म्हणतो, तुमचे सगळे फोन राउटरला जोडलेले दिसतात, माझे काम झाले. नवल असे की हे तिघेही खरे बोलत असतात. प्रत्येकाने आपापली हद्द तपासली आणि ती त्याला निर्दोष आढळली. बिघाड आहे तो दोन हद्दींच्या मध्ये, सांध्यावर. आणि सांध्याला धनी नाही.

हे दुखणे किरकोळ समजू नये. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटला तरी त्या अंगठ्याची ओळख पटवणारा संदेश वर जाऊन परत यावा लागतो. तो आला नाही तर म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. परीक्षेचा अर्ज, पीकविम्याची नोंद, दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरला दाखवायचा कागद, हे सारे आता त्याच धाग्यावर लोंबते आहे. म्हणून धागा कुठे तुटतो आणि का तुटतो, हा प्रश्न यंत्रविद्येचा आहे तितकाच नागरिकांचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दळणवळणाच्या इतिहासात संपर्क पुष्कळदा सांध्यावर तुटला आहे. आणि तो टिकला आहे तेव्हा सांध्याला कोणीतरी धनी मिळाला म्हणून टिकला आहे. हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. आपला मराठवाडा हाच मुळी सांध्यांचा मुलुख आहे.

१

१९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूरच्या पश्चिमेला बार्शीकडे गेले की इंग्रजी मुलुख लागे. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. मध्ये करोडगिरीचा नाका. संस्थानाचे स्वतःचे टपाल होते आणि १८६९ पासून स्वतःचे तिकीटही होते. पण ते तिकीट संस्थानाच्या हद्दीपुरते. पत्र पुण्याला जायचे असेल तर इंग्रज सरकारचे तिकीट लागे. ही दुहेरी व्यवस्था संपली ती १ एप्रिल १९५० रोजी, संस्थानी टपाल भारत सरकारच्या टपालात विलीन झाले तेव्हा.

रेल्वेची कथा याहून बोलकी आहे. गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारा निजामाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे त्यावर आली. हा मार्ग मीटर रुंदीचा होता. मनमाडला मुंबईकडून येणारा मार्ग मात्र साडेपाच फुटी. लातूरची तऱ्हा आणखी वेगळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या जंक्शनापासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिच्या रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. म्हणजे नांदेडचा माल मनमाडला अडायचा आणि लातूरचा माल कुर्डुवाडीला. दोन्ही ठिकाणी गाडी चांगली, इंजिन चांगले, रूळ चांगले. पण एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नव्हता. माल उतरवायचा, पलीकडे न्यायचा, पुन्हा भरायचा. फुटायचा, भिजायचा, हरवायचा तो माल या धक्क्यावर.

तरीही हा व्यवहार कित्येक दशके चालला. तो कसा चालला, हे पाहण्यासारखे आहे. त्या धक्क्यावर माणूस उभा होता. गाठी वाहणारे हमाल होते, आणि किती गाठी उतरल्या व किती चढल्या हे वहीत लिहून घेणारा कारकून होता. एखादी गाठ कमी भरली तर ती सांध्याच्या अलीकडे गहाळ झाली की पलीकडे, हे त्या वहीवरून ठरवता येई. हमाल आणि वही या दोघांना मिळून मी सांध्याचा धनी म्हणतो.

२

तारायंत्राच्या काळात हाच प्रश्न अधिक अवघड होऊन आला, कारण माल डोळ्यांना दिसत होता आणि वीज दिसत नव्हती. कलकत्त्यास डॉक्टर असलेल्या विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये सुमारे एकवीस मैलांची प्रायोगिक तार टाकून पाहिली. पुढे तेच हिंदुस्थानच्या तारखात्याचे प्रमुख झाले, आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. १८५५ मध्ये तार सर्वसामान्य लोकांना खुली झाली. युरोपात बारीक तार चालत असे. ओशॉनेसींनी येथे जाड लोखंडी सळईच वापरली. त्यांचे कारण सरळ होते : येथे माकडे तारेवर लोंबकळतात आणि मोठी पाखरे तिच्यावर बसतात. विदेशातून आलेले यंत्र येथल्या ऊन-पावसाला, झाडांना आणि प्राण्यांना सामोरे कसे जाईल, याचा विचार करणारा तो माणूस होता.

तार पूर्ण तुटली तर काम सोपे असते. लाइनमन खांबामागून खांब चालत जातो आणि तुटलेली तार त्याच्या नजरेला पडते. कठीण असतो तो जाता-येता बिघाड. फांदी वाऱ्याने तारेला लागते आणि वारा पडला की सुटते. पावसात खांबावरचा चिनी मातीचा चाकला ओला होतो, वीज खांबातून जमिनीत झिरपते, आणि ऊन पडले की सारे पूर्ववत होते. लाइनमन पोचतो तेव्हा काहीच बिघडलेले नसते. आपल्या मोडेम-राउटरचे दुखणे याच जातीचे आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

यावर तोड निघाली ती मोजमापातून. सॅम्युएल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये सुचवलेली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेली एक जोडणी आहे. तिला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात. तिच्यामुळे तारेचा अवरोध कचेरीत बसून मोजता येऊ लागला. समजा, एका तारेचा अवरोध मैलाला दहा ओहम आहे, आणि कचेरीपासून जमिनीला टेकलेल्या जागेपर्यंत तो तीनशे सत्तर भरला. मग बिघाड सदतीसाव्या मैलाच्या आसपास आहे. दुसऱ्या टोकाहूनही मोजले की दोन्ही मापांचा मेळ घालून उत्तर पक्के करता येते. शंभर मैल चालण्याऐवजी लाइनमनला दोन-तीन मैल चालावे लागू लागले. बिघाड शोधणे हे अंदाजाचे काम होते, ते गणिताचे झाले.

परंतु मोजमाप असूनही माणसांमध्ये मेळ नसेल तर काय होते, याचे उदाहरण १८५८ सालच्या अटलांटिक तारेचे आहे. आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये समुद्राखालून तार टाकली गेली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश त्यातून गेला; त्याला सुमारे सोळा तास लागले. तार अशक्त होती. विल्यम थॉमसन हे शास्त्रज्ञ म्हणत होते की मंद प्रवाह पाठवा आणि तो टिपायला नाजूक यंत्र वापरा. कंपनीचे विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांचा विश्वास जोरावर होता. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला, आणि आधीच कच्ची असलेली तार काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. चौकशी समिती बसली. १८६१ मध्ये तिचा अहवाल आला. जाणकारांच्या मापनावाचून तार टाकू नये आणि मापनाची एकके सर्वांनी एकच मानावीत, हा धडा त्या प्रकरणाने जगाला दिला. टिकाऊ तार टाकली गेली ती १८६६ मध्ये. संपर्क कच्चा असताना जोर लावणारा माणूस आजही आपल्यात आहे. तो राउटरचे बटण दहा वेळा दाबत असतो.

३

तारेनंतर दूरध्वनी आला. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. कॉल नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे वर्ग होते व त्याप्रमाणे दर होते. आवाज एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा हातोहात पुढे जाई, आणि प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर बसलेला असे. त्यांच्यावर आपण पुष्कळ चिडलो. पण त्यांनी एक काम चोख केले होते. कॉल तुटला तर ऑपरेटरला ते कळत होते. पलीकडच्या ऑपरेटरशी बोलून तो विचारी, तुमच्याकडून आवाज येतो का? नाही म्हणाला तर दुसरी लाइन घेई. दोन एक्स्चेंजमधल्या सांध्याला दोन्ही बाजूंनी माणूस होता, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत होते.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये थेट डायल करण्याची सोय झाली आणि मग ती हळूहळू देशभर पसरली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण सांध्यावरचा माणूस उठून गेला, आणि त्याच्या जागी त्याच्याइतका बोलका कोणी आला नाही. पुढे तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. यंत्र यंत्राशी बोलू लागले. आणि दोन यंत्रांचे पटेनासे झाले तर ते कोणाला सांगायचे, हा प्रश्न मागे उरला.

४

हा प्रश्न जिवावर बेततो तेव्हा काय होते, ते आपल्या भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्यांतील पन्नासाहून अधिक गावे उद्ध्वस्त झाली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात.

त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढे सांगितले आहे की मुंबईत हादरा जाणवल्यावर त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे विचारणा केली, आणि केंद्रबिंदू किल्लारीचा असल्याचे तेथून कळले. या गोष्टीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. संकट ज्या गावावर आले त्याचे नाव मुंबईला कळले ते कोयनेच्या यंत्रावरून. ढिगाऱ्याखाली काय आहे, किती माणसे जिवंत आहेत, पाणी कुठे आहे, रस्ता कुठे मोकळा आहे, हे मात्र कोणतेही यंत्र दुरून सांगू शकत नाही. त्यासाठी गावातला माणूस आणि त्याच्या हातातला चालू धागा लागतो. आणि जमीन हादरते तेव्हा खांब, तारा व त्या जेथे जोडलेल्या असतात ती इमारत, सारे एकदमच धोक्यात येते. त्या दिवसांत हौशी बिनतारी चालक आपले संच आणि बॅटऱ्या घेऊन त्या भागात आले आणि निरोप पोचवू लागले. त्यांच्याजवळ यंत्रापलीकडे आणखी एक गोष्ट होती : प्रत्येक निरोपाची वेळ टिपून ठेवणारी वही. पुन्हा तीच वही!

या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या मोठ्या योजनेबरोबर राज्यात आपत्ती-व्यवस्थापनाचा विचार पद्धतशीरपणे सुरू झाला. एकाच तारेवर जिल्ह्याने विसंबू नये, दुसरा मार्ग तयार असावा, ही गोष्ट मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. ती विसरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

५

आता आपण पुन्हा घरातल्या दोन पेट्यांकडे येऊ. मोडेम आणि राउटर दिसायला भावंडे असली तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. मोडेम हा दूरध्वनीच्या घराण्यातला. संगणकाची भाषा टेलिफोनच्या तारेवरून नेता यावी म्हणून तो निघाला. १९६२ च्या सुमारास अमेरिकेत विक्रीस आलेला एक मोडेम सेकंदाला तीनशे अंशचिन्हे पाठवी. राउटर हा संगणकांच्या घराण्यातला. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हा निरोपांना वाट दाखवणारी जी यंत्रे बसवली, ती त्याची पूर्वज. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट जनतेला मिळू लागले, त्याच वर्षी मोबाइलही आला, आणि २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट खेड्यापाड्यांत पसरले. दोन घराणी आपल्या टेबलावर एकत्र आली. मनमाडच्या फलाटावर रुंद आणि मीटर रूळ शेजारी शेजारी यावेत, तसेच हे झाले.

मग या सांध्यावर बिघडते काय? माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य गोष्टी चार आहेत.

पहिली, विजेची. लहान मोडेम, ज्याला आपण डोंगल म्हणतो, तो राउटरच्या यूएसबी खाचेत बसतो आणि तिथूनच वीज घेतो. जुन्या पद्धतीच्या खाचेतून अर्धा अँपिअर प्रवाह मिळावा असा नियम आहे. टॉवर लांब असला म्हणजे मोडेमला मोठ्याने ओरडावे लागते, आणि त्या क्षणी त्याला अधिक वीज लागते. ती मिळाली नाही की तो मूर्च्छा येऊन पुन्हा उठतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, रेंज गेली. येथे उपाय साधा : मोडेमला स्वतःचा ॲडॉप्टर द्यावा आणि तो उन्हाच्या खिडकीतून व राउटरच्या गरम पाठीवरून काढून हवेशीर जागी ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सूचना किरकोळ समजू नये.

दुसरी, पत्त्यांची. पुष्कळ मोडेम आणि पुष्कळ राउटर कारखान्यातून एकच घरपत्ता घेऊन येतात : १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असली तर पोस्टमनने काय करावे? कधी पत्र इकडे, कधी तिकडे. राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५.१ असा काही केला की भांडण मिटते.

तिसरी, विस्मरणाची. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४३० कोटी आहेत. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला. तेव्हापासून मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि कोणाचे संभाषण कोणते, हे आपल्या नोंदवहीत ठेवतात. जे संभाषण काही काळ गप्प राहते त्याची नोंद खोडली जाते. सतत उघड्या राहणाऱ्या संभाषणाची नोंद किमान २ तास ४ मिनिटे राखावी, अशी इंटरनेटच्या अभियंत्यांची २००८ सालची शिफारस आहे. पण पुष्कळ ठिकाणी ती त्याआधीच खोडतात. दुकानातला कॅमेरा किंवा बिलाचे यंत्र समजते की आपला संपर्क चालूच आहे, आणि मधला कारकून त्याला विसरून गेलेला असतो. उपाय जुनाच आहे. ट्रंक कॉलवर आपण मध्ये मध्ये विचारीत होतो, ‘हॅलो, ऐकताय ना?’ यंत्रालाही दर मिनिटाला तसा एक लहानसा हुंकार पाठवायला सांगता येते.

चौथी, शिळ्या बातमीची. मोडेमचा टॉवरशी संबंध क्षणभर तुटला आणि पुन्हा जुळला की कंपनी त्याला नवा पत्ता देते. मोडेम तो पत्ता राउटरच्या हवाली करणारा असेल, तर राउटरजवळ जुना पत्ता ठरावीक मुदतीपर्यंत राहतो आणि तो बिचारा जुन्याच पत्त्यावर वाट पाहतो. मोडेमचा दिवा हिरवा, राउटरचा दिवा हिरवा, आणि घर अंधारात! ही मुदत कमी ठेवणे, किंवा पलीकडून उत्तर येईनासे झाले की राउटरने स्वतःच नवा पत्ता मागावा अशी सोय करणे, हा त्यावर इलाज आहे.

६

यांतले आपल्या घरी कोणते, हे कसे ओळखावे? येथे तारखात्याचा लाइनमन आपला गुरू होतो. त्याची रीत होती : तार तोडून भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळा तपासा. आपल्यालाही तसेच करता येते. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो दुसऱ्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का, किती वेळाने येते, ते सांगतो. पाणबुडीतल्या प्रतिध्वनीच्या आवाजावरून त्याचे नाव ‘पिंग’ पडले. आज तो जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे. संपर्क तुटलेला असतानाच आधी राउटरला हाक मारावी. ओ आली तर मोडेमला. तिथूनही आली तर बाहेरच्या एखाद्या दूरच्या यंत्राला. जेथे ओ येणे थांबते त्याच्या अलीकडच्या सांध्यावर बिघाड आहे. सिग्नलचा आकडा मोडेमच्या पानावर दिसतो; तो उणे ऐंशीच्या आसपास असेल तर ठीक, उणे एकशे दहाच्या पलीकडे गेला तर टॉवर दूर आहे असे समजावे, आणि मोडेम खिडकीशी किंवा उंचावर ठेवून पाहावा.

आणखी दोन पथ्ये आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ॲडॉप्टर, जागा आणि पत्ता तिन्ही एकदम बदलले आणि दुखणे बरे झाले, तर औषध कोणते लागू पडले ते कळत नाही. दुखणे परतले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि दुसरे पथ्य म्हणजे वही. संपर्क किती वाजता तुटला, किती वेळाने आला, त्या वेळी वीज गेली होती का, मोडेमचा दिवा कोणता होता, एवढ्या चार गोष्टी आठ दिवस लिहिल्या की बिघाड आपले नाव स्वतःच सांगतो. रोज दुपारी तुटत असेल तर उन्हाकडे पाहावे. दर ठरावीक तासांनी तुटत असेल तर मुदतीकडे. मोठी फाइल पाठवतानाच तुटत असेल तर विजेकडे. दिवे गेल्यानंतर तासा-दोन तासांनी तुटत असेल तर टॉवरची बॅटरी संपत असावी, आणि मग आपल्या पेट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

येथे एक आक्षेप येईल. वायर काढून लावली की चालू होते, मग एवढा खटाटोप कशाला? वायर काढल्याने काम चालू होते हे खरे. पण त्या क्षणी दोन्ही यंत्रांच्या स्मरणातला पुरावाही पुसला जातो. चोर पळाल्यावर आपणच अंगण झाडून टाकावे, तसा तो प्रकार आहे. कामाची घाई असेल तेव्हा वायर खुशाल काढावी. मात्र काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून दिवे पाहावेत आणि वेळ लिहावी.

७

इतिहास आपल्याला सांध्यावरचे तीन इलाज दाखवतो. पहिला, सांधाच काढून टाकणे. १९९० च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ नांदेडपर्यंत आले. पुढच्या दशकात कुर्डुवाडी-लातूर मार्गही रुंद झाला. त्याचे फळ एप्रिल २०१६ च्या दुष्काळात दिसले. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा जवळजवळ सारा मार्ग एकेकाळचा बार्शी लाइटचा अडीच फुटी मार्ग होता. तो तसाच राहिला असता तर मोठ्या मार्गावरचे ते पाण्याचे टँकर लातूरला पोचलेच नसते. मोडेमच्या बाबतीतही हे करता येते. मोडेमला नुसता पूल बनवून पत्ते वाटण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे, किंवा सिमकार्ड थेट राउटरमध्येच बसेल असे एकच यंत्र घ्यावे. दोन कारभाऱ्यांच्या जागी एक कारभारी राहिला की निम्मे तंटे मिटतात.

दुसरा इलाज किल्लारीने शिकवलेला : दुसरा मार्ग हाताशी ठेवणे. दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड, एक लहान बॅटरी. घरापुरता हा हौसेचा प्रश्न असेल. दवाखान्यापुरता आणि तहसील कचेरीपुरता तो कर्तव्याचा आहे.

तिसरा इलाज सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ : सांध्याला धनी नेमणे. मनमाड-कुर्डुवाडीच्या धक्क्यावर वही घेतलेला कारकून होता, एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता. आज शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात यंत्रे आली आहेत. पण दोन पेट्यांच्या मधली हातभर वायर कोणाच्या कामात येते, हे पुष्कळ ठिकाणी कोणाच्याच कागदावर लिहिलेले नाही. यंत्र घेण्याचा ठराव होतो, त्याच ठरावात आणखी एक ओळ असावी : संपर्क तुटल्यास नोंद कोण ठेवील, आणि कंपनी व विक्रेता या दोघांशी कोण बोलेल. त्याला अभियंता असण्याची गरज नाही. त्याला दोन्ही बाजू पाहण्याचा अधिकार हवा, आणि हाती एक वही हवी.

दोन राजवटींच्या, दोन नाण्यांच्या, तीन रुंदींच्या रुळांच्या मध्ये राहून आपल्या आजोबा-पणजोबांनी व्यापार केला, पत्रे लिहिली, सोयरिकी जुळवल्या. सांध्यावर उभे राहण्याचे कसब या मुलखाच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यांच्या सांध्यावर नाके होते, आपल्या सांध्यावर दोन हिरवे दिवे आहेत. रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या त्या म्हातारीला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळू नये, नेमके कुठे तुटले आहे आणि ते कोण पाहतो आहे, हे तिला सांगता यावे, इतके जरी आपण केले तरी पुष्कळ झाले.